सात खिळे

डिपॉझिटचं म्हणाल, तर माझं ऐका. डिचोलीला शाणूबाबांच्या घरी मी दोन वर्षं भाड्याने राहिलो. वास्कोला बदली झाली, तिथल्या खोलीसाठी डिपॉझिट परत हवं होतं. शाणूबाब भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "सात खिळे आसत. तीन हजार कापतलंय."

"ते मी यायच्या आधीपासूनचे आहेत."

"पुरावो काय?"

पुरावा कुठला असणार? तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्यांची बायको, काकी, शांतपणे म्हणाल्या, "अहो, ह्याच खिळ्यांचे पैसे तुमी आदल्या भाडेकरू मास्तराकडसून कापलेले न्हय?"

शाणूबाब आत गेले, सगळी रक्कम घेऊन आले आणि माझ्या हातात देत, स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणाले, "पुरे पैसे मिळाले म्हणून जरा मोठ्यान सांग."