राइस मिलचा काटा आणि आमचा ड्रायव्हर

आमच्या ड्रायव्हरची गंमत तुम्हाला सांगितली नाही ना? गाडी चालवणारा नव्हे बरं, मशीन आणि कॉम्प्युटरची बोलणी करून देणारा प्रोग्राम. दोन हजार चारच्या सुमारास मी आणि माझा मित्र दिलीप गोंदियातल्या एका राइस मिलचा वजनकाटा लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरला जोडून राहिलो होतो. आमचं पहिलंच काम. पण काट्यावर धानाचं पोतं ठेवलं, की कॉम्प्युटर ठप्प! माउससुद्धा हलत नसे. आणि सकाळी हे पाहून गेलेले मिलचे मालक, सेठजी, संध्याकाळी पुन्हा बघायला येणार होते.

दुपारी कोड वाचता वाचता दिलीप ओरडला, "अगा, काटा इंटरप्ट देते म्हणजे हाक मारते ना? आपण वजन घेतो, पण हाक ऐकली असं त्याले सांगतच नाही! मंग तो हाका मारूनच राहिला. कॉम्प्युटरनं दुसरं काम करावं तरी कवा?"

आम्ही एक ओळ वाढवली आणि पोतं ठेवलं. पडद्यावर आकडा आला, माउसही पळाला! आनंदानं दिलीप स्वतःच काट्यावर चढला, मग मी, मग एकेक हमाल. सगळ्यांची वजनं अगदी बरोबर. नुसता हसण्याचा कल्लोळ.

तेवढ्यात गलेलठ्ठ सेठजी दारात. "ये क्या चल रहा है?"

"टेस्टिंग, सेठजी," मी म्हणालो. "आप भी चढ़ के देखो."

सेठजींनी चपला काढल्या, काट्यावर उभे राहिले आणि वाकून पडद्यावरचा आकडा वाचला. मग आमच्याकडे वळून काळजीनं म्हणाले, "अरे भाई, ये तो फिर से बिगड़ गया!"