राहीआजीच्या घरचा धूर

मंडळी, ऐका! एक साधा प्रश्न विचारतो. जी बाई गावाला भरवते, तिच्या घरी भाकरी कुणी न्यायची? — बोला! अहो, खांबाला टेकलेले काका, झोपलात की विचार करताय? काय म्हणता? "सगळ्यांनी!" हां! हेच उत्तर जांभूळवाडीनं दिलं, आणि त्याच उत्तरानं घात केला हो!

जांभूळवाडीत राहीआजी नावाची म्हातारी होती. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी भाकरी-पिठलं न्यायचं — ही आपली रीत. पण रीत काय आपल्या पायानं चालते? तिला माणूस लागतं! ते माणूस म्हणजे आजी. कुणी गेलं की ही टोपलं घेऊन आळीत शिरायची. "ए यमुने, तू भाकरी टाक. सखू, तू पिठलं. आन् तिखट बेतानं घाल गं, त्यांच्या डोळ्याला आधीच पाणी कमी न्हाई!" — अशी जिभेची! बायका हसायच्या आणि पीठ मळायला बसायच्या. मग टोपलं डोक्यावर घेऊन आजी त्या घरी. रडणाऱ्या आईच्या पुढ्यात बसायची, घास तोंडाशी धरायची. "खा बाय. रडायलाबी बळ लागतं." भांडण असो, अबोला असो, जात कुठलीही असो — एक घर सोडलं नाही तिनं.

आणि एका सकाळी आजीच गेली.

आख्खी वाडी रडली! दुपारी माणसं स्मशानातून परतली, आंघोळी केल्या, आपापल्या घरी गेली. यमुना म्हणाली, "सखूनं नेलं असंल." सखू म्हणाली, "आजीचं घर ते! तिथं भाकरीला काय तोटा? ढीग लागला असंल." सांगा, कुणी वाईट होतं का? नाही! प्रत्येकीच्या डब्यात पीठ होतं, पोटात माया होती. फक्त "चल, भाकरी टाक" म्हणणारी चितेवर होती!

घरात कोण? आजीचा म्हातारा, हैबतीआबा — आणि सून छबू. दिवस कलला. छबूची नजर दाराला. पाऊल वाजलं — कुत्रं! आबा सकाळपासून उपाशी, भिंतीला टेकलेले, डोळे मिटलेले. आणि मंडळी, जन्मभराच्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं —

"छबे, अजून कुणी भाकरी आणली न्हाई व्हय? मग राहीला हाक मार की!"

बोलले, आणि आपलंच बोलणं ऐकून म्हाताऱ्यानं तोंडावर हात ठेवला.

छबू रडत उठली. तिनं चूल पेटवली! सासू गेली त्याच दिवशी! रीत मोडली म्हणता? मोडली! पण कुणी मोडली?

कौलातून धूर निघाला. वाडीनं पाहिला. यमुनेच्या हातातला तांब्या गळाला. "अगं बाई! कुणीच नेलं न्हाई?" — मग धावल्या! ओसरीवर भाकऱ्याच भाकऱ्या. यमुना आबांपुढं बसली, घास धरला, आजी धरायची तसा. "खावा आबा." आबांनी मान फिरवली.

"सकाळी राही गेली. सांजच्याला गावबी गेलं, बाय. कुठं कुठं रडू?"

त्या भाकऱ्या तिथंच वाळल्या. पुढं वाडीत कुणी गेलं, की बायका टोपल्याकडं बघायच्या आणि खाली बसायच्या. आजीच्या घरी नेलं नाही, आता दुसऱ्याकडं कुठल्या तोंडानं जायचं? आज तिथं मयताच्या घरचेच चूल पेटवतात. आजीमागोमाग तिची रीतही गेली.

हळहळलात ना? डोळे पुसा. आता आरती होईल, प्रसाद घेऊन घरी जाल. जाताना आळीत जरा बघा — कुणाच्या घरी आज कुणी जेवलं नाही? छबूच्या चुलीचा धूर तरी दिसला हो! तुमच्याकडं घरोघरी गॅस. तुम्हाला धूरसुद्धा दिसायचा नाही!

काका, पुन्हा विचारतो. भाकरी कुणी न्यायची? — आता "सगळ्यांनी" म्हणू नका!