हात सुटला, पाय ताठच बरा

मी मूळची तळोद्याकडची, लग्न होऊन शहाद्याला आले ती बांगड्यांच्या दुकानातच आले म्हणा ना. सासू सांगायची, डाव्या हातात बाईना हात धरीसन दाब, ढिला पडू दे, मंग बांगडी चढाव. तेच करत म्हातारी झाले, ताई, आणि मग लकवा आला, डावं अंग गेलं. आधी हात नुसता लुळा होता, मग हळूहळू आखडत गेला, कोपर वाकडं, मूठ अशी घट्ट की नखं तळव्यात रुतायची, धुवायला म्हटलं तरी उघडायची नाही, वास यायचा. काय सांगू तुम्हाला, माझ्याच हाताची मला किळस यायची.

कोणा डॉक्टरनं अंग ढिलं पडायच्या गोळ्या दिल्या. मूठ थोडी सैल पडली, पण ताठ झालेला डावा पायही ढिला पडला, मोरीत जाताना गुडघा दुमडला अन् मी खाली. तेव्हा मुलगा नंदुरबारला घेऊन गेला.

तिथल्या डॉक्टर मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी माझं कोपर आधी सावकाश सरळ केलं, ते झालं, मग झटकन केलं तर मध्येच अडकलं. चालायला लावलं. मग विचारलं, या हातानं तुम्हाला काय करायचंय. हे कोणी विचारलंच नव्हतं आजवर. म्हटलं, बाईचा हात धरायचाय, बांगड्या भरायला. म्हणाल्या, फक्त हातच ढिला पडेल असं इंजेक्शन देऊ, पण रोज बोटं ताणावी लागतील. मी म्हटलं पायालाही द्या, लाकडासारखा ओढते, लोक पाहतात. तर नाही म्हणाल्या. मला रागच आला. मग त्या माझ्यासमोर खाली बसल्या, गुडघ्यावर हात ठेवला.

“आक्का, पायात जोर कमी आहे. या ताठपणावरच तुम्ही उभ्या आहात. तो काढला तर उभं कशावर राहाल?”

मला मोरी आठवली. पायाचा हट्ट सोडला. गोळ्याही त्यांनी हळूहळू कमी केल्या.

सून रोज बोटं ताणायची, मी कळवळले की थांबायची, परत धरायची. मूठ उघडली, पण पुरती नाही, आणि इंजेक्शनचा असर उतरला की परत जावं लागतं. तरी आता दुकानात बसते. डावा हात मांडीवर ठेवते, बाई त्यात हात देते, उजव्यानं मी बांगडी चढवते. नवरीचा चुडा मात्र सूनच भरते, तेवढं नाही जमत मला. मॅडमचं देव भलं करो. लोक अजून पाहतात, पाहू देत. मन्हा पाय मले दुकानपर्यंत आणस, ताई, आखो काय पाह्यजे.