बाबासोला बांधलेला फेटा

मंडळी, आधी एक प्रश्न! पडलेल्या माणसाला हात द्यायला जायचं, तर आपण स्वतः कधीच पडलेलं नसावं लागतं का? हां, माना डोलवू नका! तुम्ही प्रत्येक प्रश्नाला डोलवता, मला कळत नाही हो म्हणताय की पेंगताय! मृदंगवाले दादा, पान नंतर जमवा. ऐका.

हिंदुराव थोरवत. कुस्तीच्या मैदानाचा निवेदक. दोन पैलवान नुसते लंगोट आवळत असले तरी याचं सुरू— “बघा बघा, काय ती मांडी, काय तो आवेश!” लोक कुस्ती बघायला येत की याला ऐकायला, पैलवानांनाही कळत नसे. पण मैदान उठलं की हा स्वतः बाटलीशी जोड लावायचा. आणि रोज चितपट!

एकदा तर कहर झाला. भर मैदानात, पिऊन तर्र, याने हरलेल्या पैलवानाचा हात वर केला! जिंकलेला याच्याच मागे धावला! माईक गेला. बायको सुलाबाई दोन्ही पोरींना घेऊन माहेरी गेली. मग कुठे स्वारी तालुक्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाली, आणि दारू सुटली. सुटली म्हणजे... थांबा, सांगते!

वर्षभराने केंद्रातल्या मार्थाताईंनी सोबत्यांचं प्रशिक्षण काढलं. सोबती म्हणजे कोण? डॉक्टर नव्हे, पोलीस नव्हे, आणि कीर्तनकार तर मुळीच नव्हे! ज्याने स्वतः व्यसन भोगलं आणि सोडलं, त्याने नव्याने सोडणाऱ्याच्या शेजारी बसायचं. अट एकच— वर्षभर थेंब नको. हिंदुरावाने फॉर्मवर लिहिलं, ‘तेरा महिने.’ ठोकून दिलं! पंधराच दिवसांपूर्वी भाच्याच्या हळदीत घशाखाली उतरली होती. पण त्याच्या डोक्यात एकच— सोबत्याचा बिल्ला गळ्यात घालून सासुरवाडीला जायचं आणि सुलाला घरी आणायचं!

मार्थाताई वर्गात बजावत, “हिंदुराव, समोरचा बोलेल, तुम्ही ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही. निकाल पुकारायचा नाही.”

“छे हो ताई! मी कशाला पुकारतोय?”

सरावासाठी त्याला माणूस दिला बाबासो गुरव. विहिरीच्या मोटारी दुरुस्त करणारा, केंद्रातून नुकताच घरी आलेला. दर सोमवारी दोघांनी चहाच्या गाड्यावर भेटायचं ठरलं. पहिल्याच सोमवारी बाबासो चाचरत म्हणाला, “अण्णा, नऊ दिवस झालं... घेतली न्हाई.”

झालं! हिंदुराव बाकावर उभा! “बाबासो गुरव यांनी नऊ दिवसांत दारूला अस्मान दाखवलं होऽऽ! कुस्ती निकाली! टाळ्या!” गाड्यावरच्यांनी टाळ्या पिटल्या. एकाने पळत जाऊन फेटा आणला. बांधला! तसाच घरी गेला, तर बायकोने फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकला. नव्वद अंगठे आले!

पुढच्या सोमवारी बाबासो आलाच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन बंद.

मार्थाताईंनी कपाळाला हात लावला. “अहो, नऊ दिवसांच्या माणसाला फेटा बांधलात! आता घसरला तर कुठल्या तोंडाने सांगेल? उद्या बिल्ले द्यायचेत. आज त्याला शोधा.”

दुपारी हिंदुराव त्याच्या दुकानाशी गेला. शटर अर्धं खाली. आतून वास— सांगायला नको कशाचा!

“जावा अण्णा! जिंकलेल्या माणसाकडं काय काम काढलंय?”

हिंदुरावाने सवयीने आवाज लावला, “अरे, पैलवानाची खरी ताकद—”

“गप बसा की! तुमाला काय कळतंय? तुमी तेरा महिने कोरडे!”

मंडळी, आता बोला! माईक नाही. बघायला कुणी नाही. खोटं तसंच ठेवलं, तर उद्या बिल्ला आणि परवा सुलाबाई घरात! खरं सांगितलं तर? तुम्ही काय केलं असतं? खोटं सांगू नका, मंदिर आहे!

हिंदुराव वाकून शटरखालून आत गेला. जळक्या तारांच्या भेंडोळ्यांत फतकल मारून बसला. आणि जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला नाही.

“दोन महिने.”

“काय?”

“तेरा न्हवं, दोन. भाच्याच्या हळदीत घेतली. दोनच गलास, असं सवताला सांगतो. पाच हुते. ताईंना ठावं न्हाई. सुलीलाबी न्हाई.”

बाबासो उसळला, “आणि मला फेटा बांधलास व्हय रं, भाड्या!”

दोघांना हसू फुटलं. हसता हसता बाबासो रडायला लागला, आणि मग बोलत सुटला. तासभर! हिंदुरावाने मध्ये एकदाच तोंड उघडलं— “मग?” एवढंच विचारायला.

दुसऱ्या दिवशी बिल्ल्यांच्या कार्यक्रमात हिंदुराव उभा राहिला आणि सगळ्यांदेखत खरं सांगितलं. मार्थाताईंनी त्याचा बिल्ला परत डब्यात टाकला. “दहा महिन्यांनी या.”

मागच्या खुर्चीवरून बाबासो ओरडला, “मग मी कुणापाशी बोलू? मला ह्योच पायजे!”

“बिल्ला नाही म्हटलंय,” मार्थाताई म्हणाल्या. “सोमवारी चहा पिऊ नका, असं कुठे म्हटलंय?”

आणि सुलाबाई? आली नाही हो! हे काय सिनेमातलं आहे? हिंदुरावाने फोन करून तिलाही सांगितलं. मग ती म्हणाली, “उद्या परत करा फोन.” बस्स. बिल्ल्यावाचून एवढंच मिळालं. पण खरं सांगून मिळालं!

आता तुमच्याकडे वळते. पळू नका, प्रसाद शेवटी आहे! घरात कुणी सोडायला लागलं की तुम्ही काय करता? पेढे वाटता, स्टेटस ठेवता, पाहुण्यांपुढे त्याला उभा करता. आणि तो घसरला की तुम्हालाच चुकवून मागच्या दाराने घरात येतो. त्याला मागच्या दाराची वाट कुणी दाखवली? आज घरी जा, त्याच्याजवळ बसा, विचारा, “आजचा दिवस कसा गेला?” आणि मग— तोंड बंद! अवघड आहे, मला माहितीय. मी पडले कीर्तनकार, मला तर मुळीच जमत नाही.

पण त्या गाभाऱ्यात बघा! गावाने आजवर काय काय नाही सांगितलं त्याला! रडलो, भांडलो, थापा मारल्या. एकदा तरी त्याने मध्येच तोंड घातलं का? उचला टाळ! त्या ऐकणाऱ्याच्या नावाने होऊ द्या गजर!