तिच्या वाट्याचा चहा

ज्यांचे गुडघे ट्रेडमिलच्या पट्ट्यावर धावत नाहीत, त्यांचं हृदय औषधाने पळवून तपासतात. अशा तपासणीसाठी एक शिंपी हॉस्पिटलच्या बाकावर बसला होता. कान मात्र शेजारच्या म्हाताऱ्याकडे आणि त्याच्या लेकीकडे.

“आजोबा, कालपासून चहा-कॉफी घेतली नाही ना?” सिस्टरने विचारलं.

“माझ्या चहाला मी शिवलोसुद्धा नाही.”

“तुमच्या म्हणजे? बाबा, खरं सांगा.”

“हिचा घेतला.”

“बाबा! आईला जाऊन वर्ष होत आलं.”

“दोन कप टाकायची सवय आहे गं. माझा मोरीत ओतला. तिचा ओतवेना.”

“चहा पोटात असला की औषध लागू पडत नाही, आजोबा. उद्या या.”

“बिनसाखरेचा होता हो, सिस्टर.”

“तरी चहाच तो.”

“गुडघ्याचं ऑपरेशन अडलंय या तपासणीवर! उद्या चहा टाकूच नका, बाबा.”

“मग उठून करू काय?”

शिंपी उगाच छताकडे बघू लागला.

“बरं, टाका. मी आज मुक्कामाला येते. आईचा कप मी पिईन.”

“बिनसाखरेचा चालेल तुला?”

“चालेल.”

“मग जरा कडकच करतो. तिला तसाच लागतो.”