मशीनचं कपाळ

आमचं मूळ गाव दापोलीकडचं. पण गावाचं मला विचाराल तर एक विहीर आठवते आणि ती लांबूनच बघायची होती हे आठवतं, बाकी माझं सगळं आयुष्य वरळीच्या बीडीडी चाळीत गेलं. वडील गिरणीत रिंग खात्यात, मीही गिरणीतच, फरक एवढाच की मी फिटर झालो. कुणी शिकवलं नाही हो, बघून बघून शिकलो, फिटरला पाना द्यायचा, कंदील धरायचा, आणि तो काय करतो ते गुपचूप बघून ठेवायचं. बढाई मारत नाही, पण मशीन बिघडलं की मला डोळ्यांनी नंतर दिसायचं, कानाला आधी कळायचं. बायको म्हणते, मशीनचं लगेच कळतं, माणसाचं काही कळत नाही. बरोबर आहे तिचं. ते पुढे येईलच.

देव म्हणाल तर आमच्या घरात नव्हते. बौद्ध धर्माची दीक्षा नंतर झाली, पण वडिलांनी त्याच्या किती तरी वर्षं आधीच फळीवरचे देवांचे टाक एका पिशवीत घातले आणि वरळीच्या खडकांवरून समुद्रात सोडून दिले. मी सोबत होतो, लहान होतो. आई रडली, पण आडवी आली नाही. हे आधी सांगून ठेवतो, कारण याचा पुढे संबंध आहे.

तर सुट्टीच्या दिवशी मी वरळी कोळीवाड्यात मासळी घ्यायला जायचो. ते संयुक्त महाराष्ट्राचं पेटायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट, नारळी पुनव नुकतीच होऊन गेली होती. किनाऱ्यावर पांडू म्हणून एक कोळी, माझ्याच वयाचा, होडीच्या मागं लावायचं नवं मशीन घेऊन बसला होता आणि त्याची दोरी ओढून ओढून घामाघूम झाला होता. तोवर सगळं शिडावर आणि वल्ह्यांवर चालायचं, असं मशीन वाड्यात एकदोघांकडेच होतं, म्हणून बघायला ही गर्दी आणि प्रत्येकाची अक्कल वेगळी. मला काय गप्प बसवतं? मी बोललो, जरा बाजूला हो, बघू दे.

पांडू बोलला, चालू होतं रे, पण धावत नाही. दहा-पंधरा मिनिटं एकदम मस्त जातं, मग आवाज बसतो, जोर जातो, आणि भर पाण्यात बंद पडतं. थोड्या वेळाने पुन्हा चालू होतं, पुन्हा तेच. मी बोललो, सोपं आहे, प्लग काळा झाला असेल. प्लग काढला, घासला, ठिणगी बघितली, निळी स्वच्छ ठिणगी. पुढच्या रविवारी पांडू हजर, तसंच करतं बोलला. मग पेट्रोलमध्ये पाणी असेल म्हणून जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून घेतलं. तसंच. मग कार्बुरेटर खोलला, त्याचं बारीक भोक फुंकून साफ केलं. तसंच. मग पंख्याला जाळ्याची दोरी गुंडाळली असेल म्हणून तो सोडवून बघितला, दोरी होती थोडी, ती काढली, मला वाटलं आता झालं. तरी तसंच. आणि किनाऱ्यावर पिंपात उभं करून पाचेक मिनिटं चालवलं की लबाड एकदम झकास चालायचं. काय सांगू तुम्हाला, चार रविवार त्या मशीनने माझी अब्रू काढली.

त्या घरात पांडूची आई हिराबाय, तिला मी मावशी म्हणायचो. उंच, धिप्पाड बाई, तिच्यापुढे वाड्यातले पुरुष हळू बोलायचे. पहिल्या दिवशी तिने मला चहा दिला. घरातल्या कपात दिला, आत बोलावून दिला. तुम्ही नव्या काळातले, तुम्हाला त्यात काय वाटणार, पण मी तो कप हातात घेऊन उगाच बघत बसलो. ती बोलली, काय रं, माशी परली? मी नाही म्हटलं आणि पिऊन टाकला. ती माउली मी कधी विसरणार नाही.

पाचव्या रविवारी मी हट्टाने होडीत बसून पांडूबरोबर गेलो. म्हटलं, दुखणं जिथं होतं तिथंच बघायचं. गेलो आत, दहा-बारा मिनिटं झाली आणि आवाज बसायला लागला. मी कान लावून बसलो. बंद पडलं. पांडूने सवयीने टाकीचं झाकण फिरवलं, पेट्रोल आहे का बघायला, आणि तेव्हा मी ऐकलं, फुस्स. बारीकसा आवाज, टाकीने हवा आत ओढल्याचा. दोरी ओढली, चालू. मी बोललो, पांडू, दर वेळी तू झाकण उघडून बघतोस काय? तो बोलला, मग, बघायला नको? तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला.

ती टाकी मशीनच्या वरच असायची, पितळी झाकणाची, आणि त्या झाकणाला टाचणी जाईल एवढं एक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत गेली पाहिजे, नाही तर पेट्रोल उतरायचं थांबतं. मी झाकण हातात घेतलं, तर भोक दिसेचना. वर कुंकवाचा आणि शेंदराचा जाड थर, तेलात कालवलेला, उन्हात वाळून दगड झालेला. पुनवेला मावशीने मशीनची पूजा केली होती. नव्या सुनेला कुंकू कुठं लावतात, कपाळाला. मशीनचं कपाळ कुठलं, तर सगळ्यात वर चकाकणारं झाकण. आणि मशीन रुसलं की ती पुन्हा पूजा करायची, पुन्हा थर चढायचा. जेवढं बंद पडायचं तेवढं कुंकू, जेवढं कुंकू तेवढं बंद पडायचं.

आता बघा माझी गंमत. कळलं, पण बोलता येईना. पिशवीत देव भरून समुद्रात सोडणाऱ्या बापाचा मी मुलगा, आणि मी त्या बाईला सांगायचं की तुझ्या पूजेने मशीन बंद पडतं? ती म्हणणार, याला तर आमचा देवच नको आहे. तो कप पुन्हा मिळेल का, ते दार पुन्हा उघडेल का, हे माझ्या मनात आलं. खरं सांगतो, घाबरलो. पांडू सुकाणू सांभाळत होता तेवढ्यात मी खिशातल्या तारेने भोक मोकळं केलं, आणि काय होतं विचारल्यावर बोललो, कचरा होता.

मशीन धावलं. मावशीला वाटलं देवीने ऐकलं, तिने आणखी कुंकू लावलं. मग काय, मी दर रविवारी जायचो, फडक्याने पुसल्यासारखं करून तारेने भोक उघडायचो, ती शुक्रवारच्या पूजेत पुन्हा बुजवायची. असे महिने काढले हो. मला त्या घरची सवयच झाली होती.

मग ते दिवस आले, तुम्ही वाचलंच असेल. मुंबई आम्हाला मिळत नाही म्हणून लोक रस्त्यावर, गोळीबार, लालबाग-परळला तर बघायला नको, संचारबंदी. आमच्या चाळीपुढे अश्रुधूर सोडायचे, बाया दाराच्या फटींना ओली फडकी लावून बसायच्या. माझ्या यमुनेचे तेव्हा दिवस भरत आले होते. पहिलं मूल आमचं आडवं आलं होतं आणि गेलं होतं. या वेळीही तसंच आहे म्हणून दादरच्या प्रसूतिगृहात नाव घातलेलं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, कळा सुरू झाल्या की घरी एक मिनिट थांबू नका, सुईणीच्या हातचं काम नाही हे. आणि बाहेर रस्ता बंद.

पहिल्या गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशी संचारबंदी दोन तास उठवली होती, तेवढ्यात हिरामावशी स्वतः आमच्या खोलीवर आली. बोलली, पोटुशी बाय त्या धुरात नको, आमच्याकरं चल. यमुनेचं बोचकं तिनेच उचललं. चार दिवस आम्ही त्यांच्या घरात राहिलो, माझी बायको त्यांच्या चुलीपाशी बसली, त्यांच्या ताटात जेवली. शेजारच्या एकदोघींनी नाक मुरडलं तर मावशी बोलली, माजं घर हाय. संपलं.

पाचव्या दिवशी सकाळी, उजाडून थोडा वेळ झाला असेल, कळा सुरू झाल्या. रस्त्याने जायचं तर नाव नको. पांडू बोलला, होडीने दादरची चौपाटी गाठू, मशीनवर पाव तास. होडी लोटली, यमुनेला गोधडीवर निजवलं, आणि तेवढ्यात मावशी ताट घेऊन आली. अवघडलेली बाई होडीत जाते म्हणून मुठीने कुंकू लावलं तिने झाकणाला, तेल घातलं, डोळे मिटून हात जोडले. मी बघतोय. माझ्या बायकोसाठी ती देवीला साकडं घालते आणि मी तिचा हात धरून थांबवू? म्हटलं, पुढं गेल्यावर हळूच पुसून घेईन. तर मावशीच होडीत चढली आणि नेमकी मशीनपाशी बसली.

पेट्रोल आदल्या दिवशीच भरून ठेवलेलं, झाकण कुणी उघडलं नव्हतं. ओहोटी लागली होती, वारा समोरचा. अर्धी वाट गेली असेल आणि मी आवाज ऐकला. बसायला लागला. यमुना ओरडायची थांबली होती, नुसती कण्हत होती, ते जास्त वाईट. मशीन बंद पडलं. पांडूने वल्ही घेतली, पण होडी पुढं जाण्याऐवजी बाहेरच सरकायला लागली. मावशी झाकणावर हात ठेवून देवीला विनवायला लागली. आणि मी, ज्याला सगळं माहीत होतं तो मी, एका चहाच्या कपासाठी गप्प बसलो होतो. लाज वाटली हो मला, आजही वाटते.

मी बोललो, मावशी, हात काढा. तुमचं कुंकू त्या भोकात बसतं, मशीनला श्वास घेता येत नाही. पहिल्यापासून हेच होतं.

मावशीने हात काढला आणि विचारलं, मंग आंदी का नाय सांगलास?

घाबरलो.

कोनाला? देवीला?

तुम्हाला.

तिने पदराचं टोक धरलं आणि स्वतःच्या हाताने कपाळ पुसावं तसं ते झाकण पुसलं, खरवडून पुसलं. पण भोकातलं निघेना, आणि तार माझ्या दुसऱ्या सदऱ्यात राहिलेली. टाकी गच्च भरलेली आणि होडी हेलकावे खात होती, झाकण जरा जरी उघडलं तर पेट्रोल उडून गरम मशीनवर पडलं असतं. मी खिसे चाचपतोय. तेवढ्यात खालून यमुनेचा हात वर आला. तिने अंबाड्यातला आकडा काढला होता. त्या कळांमध्ये ती सगळं ऐकत होती. बोलली, हा घ्या, आणि पुन्हा घाबरू नका. आकड्याचं टोक भोकातून आरपार गेलं, टाकीतून तो फुस्स आवाज आला, पांडूने दोरी ओढली, आणि मशीन जे बोलायला लागलं ते दादरच्या वाळूला लागेपर्यंत थांबलं नाही.

वाळूवर एक हवालदार लाठी उगारून धावत आला. यमुनेला बघितलं आणि लाठी खाली केली. मग तोच आमच्यापुढं चालला, गल्लीच्या तोंडावरच्या पोलिसांना हात दाखवत, जाऊ द्या, जाऊ द्या म्हणत, आणि पांडूने आणि मी गोधडीची झोळी करून यमुनेला नेलं. त्या हवालदाराचं नाव विचारायचं राहून गेलं, त्याच्या मुलाबाळांचं भलं होवो. डॉक्टरीणबाई संचारबंदीमुळे घरी न जाता तिथंच राहिल्या होत्या, नशीब आमचं, नाही, नशीब कशाला म्हणू, त्या बाईचा मोठेपणा. पोट कापावं लागलं. दोन तास मी, पांडू आणि मावशी जिन्यात बसलो होतो, माझ्या हाताला कुंकू आणि पेट्रोल, पुसायचंही सुचलं नाही. मुलगी झाली. आई आणि मुलगी दोघी जगल्या.

मी मावशीच्या पायाशी बसलो आणि बोललो, माझं चुकलं. ती बोलली, देवीला कपाल काय नि गाल काय, ती कुटंपन बगते, तू तोंड उघरत जा. यमुनेने चुलीपाशी तिला सगळं सांगितलं होतं वाटतं, कारण मग विचारलं, तुमचे देव दर्यात सोरले ना तुज्या बापानं? मी मान हलवली. बोलली, मंग ते आमच्याकरंच आले असतील, दर्या आमचाच. आणि जिन्यात सगळ्यांसमोर मोठ्याने हसली.

माझी मुलगी आता म्युनिसिपालिटीच्या इस्पितळात सिस्टर आहे, बाळंतिणींच्या वॉर्डात. आपल्याला मुंबई मिळाली, गिरणी पुढं बंद पडली, वाईटही पुष्कळ बघितलं, पण बसून विचार केला तर तक्रार करायला तोंड होत नाही. मावशी गेली, तिला खांदा द्यायला मी होतो, पांडूने मला पुढच्या बाजूला धरायला लावलं. आता पांडूच्या मुलाकडे मोठं मशीन आहे, त्याची टाकी वेगळी, डब्यासारखी, पण झाकणाला भोक तेच. दर नारळी पुनवेला त्यांचा निरोप येतो, आणि आम्ही नवरा-बायको जातो. पांडूची सून ताट घेऊन उभी राहते आणि माझ्याकडं बघते. ज्याच्या बापाने देव समुद्रात सोडले त्याला ते विचारतात, बाबा, कुंकू कुठं लावू? मी मशीनच्या गालावर बोट ठेवतो. लाव बाई इथं, तुमची होडी सुखाने जावो, सुखाने येवो. यमुनेचे केस आता मूठभर राहिलेत, आकडा जेमतेम टिकतो, पण ती मी मागायच्या आधीच तो काढून माझ्या हातात देते. मी तो झाकणाच्या भोकातून एकदा फिरवून तिला परत देतो, मगच होडी पाण्यात जाते.