माझं तोंड मला परत दे

(ट्यूनिस. मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेचं कार्यालय, तिसरा मजला. मंगळवार, दुपार. दोरसाफ इथे प्रसिद्धीचं काम बघते. मब्रूका नुकतीच दक्षिणेकडच्या ऐन सिदरा गावाहून आली आहे.)

मब्रूका : चहा राहू दे. आधी माझं तोंड मला परत दे.

दोरसाफ : मावशी, बसा तरी. तीन जिने चढून आलात.

मब्रूका : सहा तास बसूनच आले. लुआजच्या भाड्याच्या गाडीत आठ माणसं कोंबलेली, त्यात एक जण वाटभर कच्चा कांदा खात होता. तू तो व्हिडिओ लाव.

दोरसाफ : कोणता?

मब्रूका : कोणता म्हणे! माझ्या लस्सादचा. मी अंगणात बसून बोलले तो. लाव, आणि मला दाखव त्यात मी कुठे आहे.

दोरसाफ : ह्या काय, तुम्हीच की.

मब्रूका : ही? ओढणीच्या आत शिळी लापशी ओतल्यासारखं काहीतरी दिसतंय. आणि तो आवाज! पिंपात तोंड घालून बोकड ओरडतोय जसा. माझी नात घाबरून रडायला लागली.

दोरसाफ : मावशी, तुमच्याच भल्यासाठी केलं ते. कोणी ओळखू नये म्हणून चेहरा धूसर केला, आवाज बदलला. नावही कुठे घातलं नाही.

मब्रूका : भल्यासाठी! टीव्हीवर शुक्रवारी तो कार्यक्रम लागतो ना, पोलीस चोर पकडतात तो?

दोरसाफ : लागतो.

मब्रूका : त्यात कोणाचं तोंड असं पुसलेलं असतं?

दोरसाफ : ...चोरांचं.

मब्रूका : चोरांचं, आणि नको त्या घरांतून पकडून आणलेल्या बायकांचं. आमच्याकडे शेंबड्या पोराला विचार, तोही हेच सांगेल. सुनेला माहेरून फोन आला, "तुझ्या सासूने काय केलं गं?" म्हणून. साठ वर्षं त्या गावात ताठ मानेनं राहिले, आणि तू तीन मिनिटांत माझं नाक कापलंस.

दोरसाफ : पण नाव नाही, चेहरा नाही, मग लोकांनी ओळखलं कसं?

मब्रूका : हात बघ.

दोरसाफ : हात?

मब्रूका : बोलता बोलता मी मेंदीच्या जुड्या बांधतेय. ह्या बोटाचं पेर विळ्यानं गेलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. अख्ख्या बाजारात असा हात एकच आहे. चौकीवरच्या फौजदारानंही ओळखला. दारात येऊन दात काढत म्हणतो कसा, "मब्रूका, खरं बोलत होतीस तर तोंड का लपवलंस?"

दोरसाफ : या रब्बी! हात माझ्या ध्यानातच आले नाहीत. दहा वेळा बघितला असेल तो व्हिडिओ, पण दर वेळी चेहराच तपासला.

मब्रूका : आणि रेडिओ ऐकलास? म्हणे ही आई नाहीच. पैसे देऊन आणलेली नटी आहे, म्हणून तोंड झाकलंय. परवा गुरुवारी लस्सादचा खटला उभा राहतोय, पोरी. सात महिने झाले त्याला आत टाकून. काय केलं होतं त्यानं? कारखान्याच्या फाटकासमोर 'धूर बंद करा' लिहिलेला पुठ्ठा धरून उभा राहिला. परवा तो जज्जासमोर उभा राहील, आणि बाहेर सगळ्यांना माहीत असणार की ह्याची आईच खोटी आहे.

दोरसाफ : मावशी...

मब्रूका : एवढंच सांग. माझं तोंड पुसायचं हे ठरवलं कोणी?

दोरसाफ : फॉर्मवर तसं होतं. तुम्ही अंगठा दिलात तो फॉर्म.

मब्रूका : तो फ्रेंच कागद? अंगठा मी तुझ्याकडे बघून दिला. कागदात काय होतं?

दोरसाफ : दोन चौकोन होते. चेहरा दाखवावा, चेहरा झाकावा. खूण मी केली. परतीची गाडी गाठायची घाई होती. म्हटलं, झाकलेला बरा. नेहमी तेच करतो आम्ही.

मब्रूका : मला विचारलंस?

दोरसाफ : नाही.

मब्रूका : लस्सादला नेलं तेव्हा त्यांनीही विचारलं नव्हतं.

दोरसाफ : असं नका बोलू. लाज वाटतेय मला. माझीच चूक आहे, मावशी, दुसऱ्या कुणाची नाही.

मब्रूका : बरं, बरं. डोळे पूस आधी. सात महिने माझ्यापुढे येऊन जो तो रडतोय, आणि समजूत मी घालतेय. कॅमेरा काढ.

नौफल : (दारात येऊन) कॅमेरा कशाला? दोरसाफ, माझ्या खोलीपर्यंत आवाज येतोय. ह्या कोण?

दोरसाफ : सर, ह्या लस्सादच्या आई. मावशी, हे नौफल, इथले प्रमुख. सर, व्हिडिओ पुन्हा करायचाय. उघड्या चेहऱ्यानं, नावासकट, आजच.

नौफल : अजिबात नाही. मब्रूकाबाई, तुमचा धाकटा मुलगा त्याच कारखान्यात कामाला आहे ना?

मब्रूका : शुक्री. आहे.

नौफल : उद्या त्याला काढलं तर? तुम्हालाच उचललं तर? लंडनच्या मुख्य कार्यालयाला मी काय सांगू?

मब्रूका : सांगा, मब्रूकाला उचललं. खोटं कशाला बोलायचं?

नौफल : मस्करी नाही ही, बाई.

मब्रूका : मस्करी करायला सहा तास कांद्याचा वास घेत येईन होय मी? शुक्रीला त्या कारखान्यानं दमा दिलाय. त्याला विचारूनच निघाले. म्हणाला, "अम्मा, तू जा. पगारापायी मी भावासाठी तोंड उघडलं नाही, आता तुला तरी अडवणार नाही." स्टँडवर त्यानंच सोडलं मला. भीती वाटते हो साहेब. फौजदार दारात आला की आधी नातीला आत ढकलते. पण भीती माझी आहे, तिचं काय करायचं ते मी बघेन. माझ्या वाटणीचं तुम्ही घाबरू नका.

नौफल : तरी लंडनची मंजुरी लागेल. चार जणांच्या सह्या. आठवडा सहज जातो.

मब्रूका : आठवड्यानं काय, शिक्षा झाल्यावर दाखवणार माझं तोंड?

दोरसाफ : मंजुरी लागत नाही, सर. बोलणारा माणूस आपली संमती केव्हाही बदलू शकतो, आणि त्याच दिवशी तसं केलं पाहिजे. आपल्याच नियमावलीत आहे.

नौफल : मला नियमावली शिकवतेस?

दोरसाफ : ते पान तुम्हीच लिहिलंय. मी नोकरीला लागले त्या दिवशी मला समोर बसवून वाचून दाखवलं होतंत. वर म्हणाला होतात, हे एक पान पाळलंस तरी पुष्कळ झालं. मी तेवढंही पाळलं नाही.

नौफल : माझेच दात माझ्या घशात घालतेस.

दोरसाफ : घालते. आणि लंडननं कोणाचं डोकं मागितलं तर माझं द्या. खूण मी केली होती.

नौफल : तुला घालवून तुझं काम कोण करणार, मी? मला तो कॅमेरा चालूसुद्धा करता येत नाही. ...मब्रूकाबाई, शेवटचं विचारतो. चेहरा एकदा बाहेर गेला की तो कोणालाच परत आणता येत नाही. तुम्हालाही नाही, आम्हालाही नाही.

मब्रूका : माझा पोरगा परत आणता येईल का?

नौफल : ...ते मी सांगू शकत नाही.

मब्रूका : खरं बोललात. आता आणा तो कागद.

नौफल : दोरसाफ, अरबी फॉर्म काढ. मी घरच्या बोलीत ओळ न् ओळ सांगतो. खूण ह्यांच्या हातानं झाली पाहिजे. तू पेनाला हात लावायचा नाहीस.

मब्रूका : दाखवावा तो चौकोन कोणता? हा? ...घ्या. जरा वाकडी आली.

दोरसाफ : चालेल. इथे खिडकीशी बसा, उजेड चांगला आहे. ओढणी सारखी करायचीय?

मब्रूका : आरसा आहे का? ...नको, राहू दे. लस्सादनं मला अशीच बघितलीय.

दोरसाफ : आधी नाव सांगा. नाव आणि गाव, बस. पत्ता नको.

नौफल : पत्ता अजिबात नको, बाई. एवढं तरी माझं ऐका.

दोरसाफ : सुरू झालं, मावशी. बोला.

मब्रूका : माझं नाव मब्रूका बिन्त अम्मार झ्रिबी. लस्साद माझा मुलगा. आम्ही ऐन सिदराचे. कालव्याच्या शेवटी, पिठाच्या गिरणीला लागून तिसरं घर. दुपारच्या नमाजानंतर मी घरीच असते.